अनुभव धागा : लहान मुलांच्या वस्तीपर्यंत पुस्तके

पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाची परंपरा १८३२ पर्यंत मागे जाते आणि पाटो येथील इमारतीत मुलांसाठी स्वतंत्र विभागही आहे. तरीही बांधकामावर राबणाऱ्या कुटुंबातले चार वर्षांचे मूल तिथे पोहोचत नाही, कारण त्यासाठी आईचा रोज बुडतो. बुकवर्मसारख्या संस्था पुस्तके वस्त्यांपर्यंत नेत आल्या आहेत. असे काम केलेल्यांनी आणि ज्यांच्या दारी पुस्तके आली त्यांनीही आपले अनुभव लिहावेत, ही विनंती.

स्वयंसेविका, म्हापसा
शुक्रवारच्या बाजारात भाजी घेऊन बसणाऱ्या बायकांची मुले दिवसभर पाट्यांच्या आडोशाला असतात. आम्ही त्यांना एका ठिकाणी गोळा करत नाही. आई बसली असेल तिथेच, तिच्या नजरेसमोर पुस्तक उघडतो, कारण त्या गर्दीत मूल दिसेनासे झाले की आईचा जीव थाऱ्यावर राहत नाही. एक लहानगी चित्रातल्या माशावर बोट ठेवून आईकडे बघायची, आई मिरच्यांचे वाटे लावता लावता कन्नडमध्ये काहीतरी सांगायची, मुलगी पुढचे चित्र दाखवायची, आणि गिऱ्हाईक येईपर्यंत दोघींचे हेच चालायचे. मला कन्नड येत नाही, पण माझी तिथे गरजही नव्हती. अशा ठिकाणी विनाशब्द चित्रपुस्तके सर्वांत उपयोगी पडतात, असे माझे ठाम मत आहे.

निवृत्त ग्रंथपाल, फोंडा
सभासदत्वासाठी राहण्याचा दाखला आणि अनामत मागितली की भाड्याच्या खोलीतले कुटुंब दारातूनच परत फिरते. त्यापेक्षा पुस्तकांची पेटी अंगणवाडीच्या नावावर द्यावी. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेमुळे तिथे सहा वर्षांखालची मुले आणि त्यांच्या आया येतच असतात. लहान मुलाच्या हातून पान फाटणारच, ती झीज ग्रंथालयाने आपल्या खर्चात धरावी. दंडाच्या धास्तीने पालक पुस्तक फळीवर ठेवून देतात आणि ते कोरे करकरीत परत येते, याचे मला फार वाईट वाटत असे.

अंगणवाडी सेविका, सत्तरी
धनगरवाड्यावरची मुले बहुधा आजीबरोबर येतात. वाचता येत नाही म्हणून आजी पुस्तकाला हात लावायच्या नाहीत. चित्रातली म्हैस दाखवून मी एकीला म्हटले, "आजी, तुमची म्हैस रानात हरवली होती, ते सांगा ना." त्यांनी ती हकीकत पुस्तक मांडीवर घेऊनच सांगितली, आणि आता मुले पुस्तक त्यांच्याकडेच नेतात. पावसाळ्यात मात्र पुस्तकांना बुरशी धरते. घट्ट झाकणाचे डबे मिळाले तर बरे होईल.

एक आई, वास्को
मी घरकाम करते आणि माझे यजमान सेंटरिंगच्या कामाला जातात. पुस्तकांची गाडी सकाळी येते, तेव्हा आम्ही दोघेही घरी नसतो. मुलगा शेजारणीबरोबर जाऊन पुस्तक आणतो आणि रात्री वडिलांना दाखवतो. गाडी रविवारी संध्याकाळी आली, तर तेही त्याच्याबरोबर जाऊन पुस्तक निवडतील.