पावसाळाभर उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदीर शिरू नयेत म्हणून काय करावं?

माहेरवाशीण_देवरुख
१८ मे २०२५

नमस्कार. देवरुखजवळ आमचं घर आहे, तिथे आई एकटी राहते. बाबांची मारुती ८०० (२००७ ची, पेट्रोल) घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये असते. बाबा गेल्यापासून ती फक्त मी चालवते, तीही डोंबिवलीहून गावी गेले की. मे महिन्यात आणि गणपतीत. मधले जवळजवळ तीन महिने गाडी जागची हलत नाही. २०२२ साली गाडीला पंधरा वर्षं झाली, तेव्हा बाबांनी स्वतः आरटीओत खेपा घालून रजिस्ट्रेशन पाच वर्षांसाठी वाढवून घेतलं होतं. त्यामुळे ‘विकून टाका’ हा सल्ला कृपया देऊ नका.

गेल्या वर्षी हरतालिकेच्या दिवशी, बॅटरी चार्ज करून आणल्यावर, मी चावी फिरवली. स्टार्टर फिरत होता पण इंजिन धरत नव्हतं. भावजी म्हणाले, अजून एकदा मार. पण पेट्रोलचा वास आला म्हणून मी हात आवरला आणि बॉनेट उघडलं. इंजेक्टरकडे जाणाऱ्या वायरचं वरचं प्लास्टिक बोटभर सोललेलं, आत तांबं लखलखत होतं. तिच्या खालीच पेट्रोलच्या रबरी नळीवर दातांच्या जोडखुणा होत्या, आणि एका खुणेवर पेट्रोलचा थेंब जमत होता. नळी होती तिथून ती वायर जेमतेम चार बोटं लांब. अजून अंगावर काटा येतो.

एअर फिल्टरचा डबा उघडला तर आत काथ्या आणि पोत्याचे धागे कुरतडून केलेलं गोल घरटं, भोवती फणसाच्या आठळ्यांची टरफलं. मी मोजली, एकतीस होती. आई पावसाळ्यासाठी आठळ्या त्याच शेडमध्ये पाटीत ठेवते.

आतापर्यंत केलेले उपाय: डांबराच्या गोळ्या (गाडीत बसलं की आईचं डोकं दुखायचं), तंबाखूची पानं, फिनेलचे बोळे, आणि बाराशे रुपयांचं आवाजाचं यंत्र. शिवाय त्याच्या आदल्या वर्षी विषाच्या वड्या ठेवल्या होत्या. एक उंदीर ब्लोअरमध्ये जाऊन मेला. डॅशबोर्ड उतरवावा लागला आणि वास दिवाळीपर्यंत गेला नाही. आता आईच्या मनीला तीन पिल्लं झाली आहेत, त्यामुळे विष तिला नकोच आहे. ५ जूनला मी परत निघते. तोवर काय काय करून ठेवू?

---

कोथरूड_बी२

आमच्या सोसायटीच्या बेसमेंटमध्ये हाच त्रास होता. गाडी कचऱ्याच्या डब्यांच्या शेजारी लागायची, ती जागा बदलून घेतली आणि रात्री बॉनेट उघडं ठेवायला लागलो. उंदराला अंधारी, बंदिस्त जागा लागते. त्यानंतर वायर कुरतडलेली नाही. पण माझी गाडी रोज चालते, तुमची तीन महिने उभी, हा फरक मोठा आहे. अंगभर कव्हर घालत असाल तर ते मात्र काढा. जमिनीपर्यंत लोंबणारं कव्हर म्हणजे त्यांना आयता आडोसा.

---

वायरिंगवाला_कुडाळ

ताई, तुम्ही दुसऱ्यांदा चावी मारली नाहीत हे फार चांगलं केलंत. उघडी वायर आणि गळतं पेट्रोल एकत्र असताना एक ठिणगी पुरते. मी बावीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करतो. गणपतीच्या आधीचे दहा दिवस माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या गाड्या अशाच उभ्या राहिलेल्या असतात, मुंबईकरांच्या. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी कोण येतंय ते बघा. लेंडी तांदळाच्या दाण्याएवढी असेल तर घरातला लहान उंदीर. अर्ध्या इंचाच्या आसपास, दोन्ही टोकांना निमुळती असेल तर माळ्यावरचा काळा उंदीर. आपल्याकडे गाडीत घरटं करतो तो बहुतेक हाच, कारण तो चढण्यात पटाईत. टायरवरून चढतो, वाशावरून उतरतो. घूस जमीन पोखरते, ती इंजिनात क्वचितच चढते. चिचुंद्री तर किडे खाते, तिला लोक उगाच मारतात. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतात, म्हणून त्याला सतत काहीतरी कुरतडावंच लागतं. वायर त्याला आवडते म्हणून नव्हे, बिऱ्हाड केलं की ती तोंडासमोर असते म्हणून तोडतो. तेव्हा वायर वाचवायची तर बिऱ्हाड होऊ द्यायचं नाही, एवढंच आपल्या हातात आहे.

वासाच्या उपायांवर माझा विश्वास उरलेला नाही. तंबाखूच्या पानांवरच केलेलं घरटं मी या हातांनी काढलंय. उघड्या शेडमध्ये, कोकणातल्या पावसात, कुठलाही वास आठ-दहा दिवसांवर टिकत नाही. तुम्ही तीन महिन्यांचा बंदोबस्त शोधताय.

तुमचं खरं दुखणं त्या आठळ्यांच्या पाटीत आहे. खाणं आणि गाडी एका छपराखाली असली की बाकीचं सगळं फुकट. आठळ्या, काजूच्या बिया, कोंबड्यांचे दाणे, सगळं घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात घाला आणि शेडमधून बाहेर काढा. प्लास्टिकचा डबा ते पोखरतात. पोती, नारळाची सोडणं, जुनी पायपुसणी, पेंढा हे घरट्याचं सामान, तेही हलवा. लाकूडफाटा लांब नेता येत नसेल तर निदान चिरे मांडून जमिनीपासून हातभर उंच रचा आणि भिंतीला टेकवू नका. शेडवर फणसाची, आंब्याची फांदी आली असेल तर पावसाआधी छाटा, छपरापासून तीन-चार फूट तरी मोकळं हवं.

मग गाडीची भोकं. लहान उंदीर पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून आत शिरतो, म्हणून जाळी पाव इंचीच घ्या, गॅल्व्हनाइज्ड, वेल्ड केलेली. डासांची नायलॉनची जाळी तो एका रात्रीत फाडतो. तीन जागा विसरू नका. पहिली एअर फिल्टरच्या डब्याची हवा ओढणारी नळी, तुमच्याकडे तिथूनच आत गेला. दुसरी वायपरखालची पट्टी, जिथून ब्लोअरला बाहेरची हवा मिळते. त्याशिवाय आतला खटका ‘आतलीच हवा’ या बाजूला करून ठेवा, म्हणजे झडप बंद राहते. तिसरी सायलेन्सरचं तोंड. त्यात स्टीलचा भांडी घासायचा काथ्या कोंबा, साधी लोखंडी तार पावसाळ्यात गंजून चुरा होते. आणि नळी, सायलेन्सर बंद केलंत की स्टिअरिंगला लाल कापड बांधा, म्हणजे तुम्ही किंवा दुसरं कोणी ते काढल्याशिवाय गाडी चालू करणार नाही. इंजिनाची खालची बाजू जाळीने पूर्ण बंद करता येत नाही, तो नाद सोडा. तिथे सापळेच लागतात.

चार चपटे सापळे, दोन पुढच्या चाकांशी, दोन भिंतीला लागून. उंदीर भिंतीला अंग घासत चालतो, म्हणून सापळा भिंतीला काटकोनात आणि खाण्याची बाजू भिंतीकडे. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. तेव्हा पहिले तीन-चार दिवस सापळा न लावता नुसतं खाणं ठेवा. खाणं नाहीसं व्हायला लागलं की मग लावा. भाजलेल्या खोबऱ्याचा तुकडा दोऱ्याने बांधा, नाहीतर हलक्या हाताने पळवतो. मांजराच्या पिल्लांसाठी प्रत्येक सापळ्यावर लाकडी खोका पालथा घाला, त्याला दोन बाजूंना फक्त उंदराएवढी भोकं पाडा, आणि वर चिरा ठेवा.

बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवा. हँडब्रेक लावून ठेवू नका, पावसाळ्यात चिकटतो. गिअरमध्ये ठेवून चाकांना चिऱ्याचे तुकडे लावा. आईंना कोणीतरी सांगेल की आठवड्यातून पाच मिनिटं चालू करा म्हणून. तसं करू नका. तेवढ्यात इंजिन नीट तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साठतं आणि बॅटरीही भरत नाही. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा कोणीतरी बॉनेट उघडून टॉर्चने बघू दे. एक पान किंवा चिंधी दिसली की लगेच काढायची. घरटं पहिल्या दोन-चार दिवसांत मोडलं तर पुढचं सगळं टळतं.

---

राजापूर_बागायतदार

एवढा खटाटोप कशाला? विषाच्या चांगल्या वड्या आणा, आठ दिवसांत शेड साफ. आम्ही बागेत वर्षानुवर्षं तेच करतो.

---

वायरिंगवाला_कुडाळ

दादा, बाग उघडी असते, गाडी बंदिस्त. ब्रोमाडायोलोनची वडी रक्त गोठू देत नाही. उंदीर ती खाऊन जागीच मरत नाही, तीन-चार दिवस किंवा जास्तही हिंडतो, आणि मरायला आपल्या घरट्यातच जातो. घरटं गाडीत असेल तर मढंही गाडीतच. ताईंच्या ब्लोअरमध्ये तेच झालं. तो अर्धमेला उंदीर मनीने धरला तर विष तिच्या पोटात. तुमच्या बागेतल्या धामणीच्या आणि गव्हाणी घुबडाच्याही पोटात जातं, आणि तुमच्यासाठी फुकटात उंदीर मारणारे तेच तर आहेत.

---

निवृत्त_आरोग्यसेविका

सिंधुदुर्गात नोकरी गेली माझी, लेप्टोचे (उंदरांमुळे पसरणाऱ्या तापाचे) रुग्ण जवळून पाहिलेत, म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही. गाडीतल्या लेंड्या आणि घरटं कोरड्या झाडूने झाडू नका, व्हॅक्यूमही लावू नका. रबरी मोजे, मास्क. लिक्विड ब्लीच एक भाग आणि पाणी नऊ भाग, ताजं कालवून त्यावर फवारा (बॅटरी सोडवलेली असू दे, वायरच्या जोडांवर मारू नका), दहा मिनिटं भिजू द्या, मग कागदाने टिपून पिशवीत बांधा. त्या पाण्यात फिनेल मिसळू नका. उंदराच्या मुतातून लेप्टोचे जंतू ओल्या जमिनीवर येतात आणि पायाच्या चिरेतून आत शिरतात. तुमच्या आई शेडमध्ये अनवाणी जात असतील तर त्यांना गमबूट घेऊन द्या. नंतरच्या दिवसांत ताप आला, पोटऱ्या दुखल्या, तर अंगावर न काढता प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन ‘उंदरांची साफसफाई केली होती’ हे आपणहून सांगायचं.

आणि डांबराच्या गोळ्या गाडीत नकोतच. काही बाळांच्या रक्तात जन्मतः एक एन्झाइम कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी या गोळ्यांच्या वाफेनेही फुटू शकतात.

---

एडिसन_न्यूजर्सी

आमच्याकडे थंडी सुरू झाली की शेतातले उंदीर गॅरेजमध्ये येतात, त्यामुळे ही डोकेदुखी इथेही आहे. इथे तिखट लावलेली चिकटपट्टी मिळते, वायरींवर गुंडाळायची. होंडाची येते. मी दुरुस्त केलेल्या वायरीवर लावली आहे, पण नुसती तीच पुरेल असं म्हणणार नाही. आवाजाच्या यंत्रावर मात्र पैसे घालू नका. २००१ साली इथल्या फेडरल ट्रेड कमिशनने अशी यंत्रं बनवणाऱ्या-विकणाऱ्या साठाहून जास्त कंपन्यांना पत्रं पाठवून ताकीद दिली होती की दाव्यांना शास्त्रीय पुरावा हवा. उंदीर त्या आवाजाला सरावतात.

---

माहेरवाशीण_देवरुख
३१ ऑगस्ट २०२५

सगळ्यांना कळवायचं होतं, गणपतीच्या गडबडीत राहून गेलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात शेड रिकामी केली. आठळ्यांवरून आईशी थोडा वाद झाला. पत्र्याच्या डब्यात त्यांना घाम येतो आणि बुरशी धरते असं तिचं म्हणणं, आणि ते बरोबर निघालं. मग आठळ्या उन्हात नीट सुकवून, कोरड्या मातीत घोळवून स्वयंपाकघरातल्या पिंपात ठेवल्या. जाळी देवरुखच्या बाजारात मिळाली, कापताना दोन बोटं सोलली. फणसाची फांदी शेजारच्या काकांनी छाटून दिली.

सापळ्यांवर खोके घातले. पहिले चार दिवस नुसतं खोबरं ठेवलं, पाचव्या रात्री दोन, नंतर आठवडाभरात तीन काळे उंदीर. जुलैत एकही नाही, ऑगस्टमध्ये एक. दर शनिवारी आई गमबूट घालून टॉर्च घेऊन शेडमध्ये जायची आणि कालनिर्णयवर त्या चौकोनात ‘गाडी’ असं लिहायची. १२ जुलैच्या चौकोनात तिने लिहिलंय, ‘गाडी. बॅटरीपाशी सुकी पानं, काढली.’ एवढं एकदाच.

२५ तारखेला पोचले. आधी टॉर्चने नळ्या आणि वायरी पाहिल्या. एअर फिल्टरचा डबा उघडला, आत धूळसुद्धा नव्हती. पेट्रोलच्या नव्या नळीवर बोट फिरवून आले, कोरडी. फिल्टरच्या नळीवरची जाळी काढली, सायलेन्सरमधला काथ्या काढला, मगच लाल कापड सोडलं. (ते कापड म्हणजे बाबांच्या जुन्या उपरण्याचा काठ आहे, आईने दिला.) चार्ज केलेली बॅटरी जोडली आणि चावी दिली. दुसऱ्या फेरीला गाडी सुरू झाली.

वायरिंगवाला दादा, एक विचारायचं राहिलं. वायपरखालची जाळी कायमची तशीच ठेवली तर चालेल ना? पाणी वाहून जायला वाट आहे, मी तांब्याने ओतून पाहिलं.

---

वायरिंगवाला_कुडाळ

चालेल ताई, खुशाल ठेवा. फक्त वर्षातून एकदा काढून खालची पानं साफ करा. पानं कुजली की पाणी तुंबतं आणि आत पाय ठेवायच्या जागेत उतरतं. दिवाळीला निघालात की एकदा फिल्टरच्या नळीची जाळी परत लावायला विसरू नका, भातकापणी झाली की शेतातले उंदीर घराकडे वळतात.