घरी एकटीने तरावीह: थोड्याच सूरा पाठ असतील तर?

प्रश्न
अस्सलामु अलैकुम. शेवटच्या दहा-बारा सूराच पाठ आहेत. तेवढ्यावर घरी वीस रकात (नमाजेच्या फेऱ्या) तरावीह, म्हणजे रमजानच्या रात्रीची खास नमाज, होते का? की कुरआन हातात घेऊन पढावं? घरात तान्हं मूल आहे, त्यामुळे इशानंतर (रात्रीच्या नमाजेनंतर) लगेच उभं राहणं जमत नाही. पाळीत सुटलेल्या तरावीहची कजा (नंतर भरून काढणं) असते का?

उत्तर १
वअलैकुम अस्सलाम. होते, आणि पूर्ण होते. हनफी मसलकात (पंथात) तरावीह बायकांसाठीही सुन्नते मुअक्कदा (ताकीद असलेली सुन्नत) आहे, पण मशिदीत जाऊन जमातीनेच (सगळ्यांसोबत) पढली पाहिजे असं त्यांच्यावर नाही. वेळ इशाच्या फर्जनंतर (सक्तीच्या रकातींनंतर) थेट सुबह सादिकपर्यंत (पहाट फुटेपर्यंत). तेव्हा घाई करू नका, बाळ झोपल्यावर पढा, अगदी सेहरीआधी उठूनही चालेल. आधी इशाचे चार फर्ज आणि दोन सुन्नत, मग दोन-दोन रकात करत वीस, शेवटी तीन रकात वित्र (रात्रीची शेवटची नमाज).

सूरा फीलपासून सूरा नासपर्यंत बरोबर दहा सूरा आहेत. प्रत्येक रकातीत अल्हम्दुनंतर (सूरा फातिहानंतर) एक. नास आली की दहा रकात झाल्या, पुन्हा फीलपासून सुरू करा. यात मोजणीही आपोआप राहते: पहिल्या फेरीत कौसर झाली की चार रकात, इख्लास झाली की आठ. दर चार रकातींनंतर थोडं बसायचं. तेव्हा तस्बीह पढा किंवा शांत बसा, ठरावीक दुआ पाठ नसली तरी काही बिघडत नाही.

एकटीने पढताना हमखास होणारी चूक म्हणजे दुसऱ्या रकातीनंतर न बसता उभं राहणं. तिसरीचा सजदा करण्याआधी आठवलं तर लगेच खाली बसा, अत्तहियात (बसून पढायची दुआ) पढा आणि सजदा-ए-सहव (चुकीच्या भरपाईचे दोन सजदे) करून सलाम फेरा.

ओढणीकडेही लक्ष द्या. केस दिसतील इतकी पातळ असेल तर नमाज होत नाही. सजद्यात बाही कोपराकडे सरकते, म्हणून मनगटाशी घट्ट बसणारी बाही बरी.

उत्तर २
कुरआन बघून पढण्याबद्दल: इमाम अबू हनीफा यांच्या मते त्याने नमाज तुटते, त्यामुळे हनफी असाल तर पाठ सूराच पढा. शाफई आणि हंबली मसलकांत परवानगी आहे. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशा यांचे गुलाम जकवान मुसहफ (कुरआनची प्रत) बघून त्यांची इमामत करत, असा उल्लेख बुखारी या हदीससंग्रहात आहे. तसं पढायचं तर कुरआन छातीच्या उंचीच्या स्टँडवर ठेवा. हातात धरला की रुकू-सजद्याच्या वेळी तो कुठे ठेवायचा हा घोळ होतो आणि मन उडतं.

बायकांची वेगळी जमात या दोन मसलकांत चालते. इमाम बाई पुढे उभी राहत नाही, पहिल्या सफेच्या (रांगेच्या) मधोमध राहते. हनफींकडे ही जमात मकरूह (नापसंत) आहे. आणि अहले हदीसकडे (थेट हदीसवर चालणाऱ्या गटाकडे) तरावीह आठ रकात पढतात. घरात दोन्ही पद्धतींची माणसं असतील तर त्यावरून वाद नको, रमजानच्या रात्री त्यासाठी नाहीत.

उत्तर ३
पाळीतल्या तरावीहची कजा नाही, फर्ज नमाजांचीही नाही. रोज्यांची मात्र आहे. त्या रात्रीही दुआ, दरूद (पैगंबरांवर सलाम), इस्तिगफार (माफी मागणं) आणि कुरआन ऐकणं, सगळं खुलं आहे. शेवटच्या दहा रात्रींत ‘अल्लाहुम्म इन्नक अफुव्वुन तुहिब्बुल अफ्व फअ्फु अन्नी’ ही दुआ धरून ठेवा. शबे कद्र (या दहा रात्रींतली सर्वांत मोलाची रात्र) मिळाली तर काय मागू, असं हजरत आयशा यांनी विचारलं तेव्हा पैगंबरांनी हीच शिकवली. आणि सुबह सादिकआधी पुरेसा वेळ राहून पाक झालात तर गुस्ल (अंघोळ) करून त्या रात्रीची इशा पढावीच लागते, ती सोडू नका.

प्रश्नकर्ती
जझाकल्लाह खैर. खूप थकवा असेल तर बसून? आणि मोबाईलवरच्या थेट प्रक्षेपणातल्या इमामांमागे?

उत्तर १
आजारपण किंवा खरोखरचा अशक्तपणा असेल तर बसून पढा, सवाब कमी होत नाही. उगाच बसलात तर निम्मा. प्रक्षेपणामागे मात्र इक्तिदा (इमामामागे नमाज) होत नाही, इमाम आणि मुक्तदी (मागे पढणारे) एकाच जागी किंवा सलग सफांत हवेत. ऐकायचं तर नमाजेबाहेर जरूर ऐका.