कोरलाइन धरतच नाही, दगड अजून पांढरेच

कोथरूड_रीफ
नमस्कार मंडळी. २०० लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक आहे, वर्ष होत आलं. दगड सगळे ड्राय रॉक, म्हणजे कोरडे, निर्जीव. खात्रीचा लाइव्ह रॉक (जीव वसलेला समुद्री दगड) मिळेना, मिळाला तर परवडेना. दोन क्लाऊन मासे, कोरलांत थोडे झोअँथिड आणि एक टोडस्टूल, चार गोगलगायी. सगळे मजेत. फक्त कोरलाइनचा, म्हणजे दगडावर चढणाऱ्या कडक शेवाळाचा, तो जांभळा-गुलाबी थर काही येत नाही. दगड एक तर पांढरे, नाहीतर हिरवट. दुकानदाराने त्यासाठी कॅल्शियमची बाटली दिली, ती रोज घालतोय. रीडिंग: कॅल्शियम ४८०, अल्कॅलिनिटी (पाण्यातलं कार्बोनेट-बायकार्बोनेट, डीकेएच हे तिचं एकक) ६.४ डीकेएच, नायट्रेट ५, फॉस्फेट ०.०५, सॅलिनिटी (खारेपणा) १.०२५. मॅग्नेशियमचं किट नाही. कॅल्शियम एवढं असून घोडं अडतंय कुठे? जाता जाता, रिटर्न पंप (फिल्टरमधलं पाणी टँकात परत आणणारा) हल्ली घरघरतो. उघडला तर आत पांढरा खरखरीत थर.

चिंचवडच्या_काकू
अहो, उत्तर तुमच्या पंपातच बसलंय की! तो थर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. पंप चालून गरम होतो, तिथे ते आधी पाण्याबाहेर पडतं. जे दगडावर बसायला हवं ते तुम्ही पैसे मोजून इम्पेलरवर (पंपाच्या पात्यावर) बसवताय. बाटली आजपासून बंद.

आता मॅग्नेशियमचं किट आणा. समुद्राच्या पाण्यात ते १३०० पीपीएमच्या आसपास असतं. तेवढं असलं की कॅल्शियम आणि कार्बोनेट सहजी एकत्र येत नाहीत. ते कमी आणि वरून कॅल्शियमचा मारा, मग पाण्यातच चुना धरायला लागतो आणि अल्कॅलिनिटी घसरते. शिवाय कोरलाइन स्वतःच्या पेशींच्या भिंती मॅग्नेशियमयुक्त कॅल्साइटने बांधते, म्हणजे तिलाही ते हवंच.

‘कॅल्शियम तर भरपूर आहे’ यावर जाऊ नका. अल्कॅलिनिटी १ डीकेएचने उतरते तेव्हा कॅल्शियम जेमतेम ७ पीपीएमने उतरतं. एवढा फरक घरच्या किटला दिसत नाही. मी नोकरीभर लॅबमध्ये टायट्रेशनच केलं, तेव्हा सांगते, घरी एकच आकडा वरचेवर मोजायचा असेल तर अल्कॅलिनिटी मोजा. ८ ते ९ मध्ये स्थिर ठेवा. आज ७, परवा १०, असं नको.

सॅलिनिटी कशाने मोजता? काटा हलणाऱ्या प्लास्टिकच्या हायड्रोमीटरने असेल तर त्या १.०२५ वर माझा विश्वास नाही. काट्याला एक बुडबुडा चिकटला की तो खुशाल वर जातो.

अंधेरी_सॉल्ट
काकूंचं रसायन बरोबर, पण मूळ गोष्ट राहिली. ड्राय रॉकवर कोरलाइनचं बीच नसतं, ती येणार कुठून? जुना टँक असलेल्या कुणाकडून जांभळा झालेला फ्रॅग प्लग (कोरलाचा तुकडा चिकटवायची चकती), दगडाचा तुकडा किंवा कवचावर थर असलेली गोगलगाय मागा. थोडा खरवडून पाण्यात सोडा, तेवढा वेळ फिल्टर सॉक (गाळणीची पिशवी) काढून ठेवा आणि वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा पंप) चालू. घेताना एप्टेशिया (भराभर पसरणारं उपद्रवी समुद्रफूल) आहे का ते नीट तपासा, नाहीतर फुकटचा दगड महागात पडायचा. आणि लाइट जरा कमी करा. ही लाल शैवालातली, सावलीतही सुखाने वाढते. पहिले ठिपके बहुतेक दगडावर दिसतच नाहीत. पाणी बाहेर पडतं त्या ओव्हरफ्लोच्या दातऱ्यांवर, पंपाच्या काळ्या प्लास्टिकवर, मागच्या काचेच्या कोपऱ्यात बघा.

कोथरूड_रीफ
हायड्रोमीटर तोच, प्लास्टिकचा 🙈 मित्राच्या रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२३ आलं. मॅग्नेशियम १०८०. दिवाळीत मालवणला जातोय, तिथे ओहोटीला खडकांवर गुलाबी थर बघितलाय. एखादा दगड आणू का?

मालवणी_शिंपला
नको हो! इथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि दगडाला कोरल चिकटलेलं निघालं तर १९७२ चा वन्यजीव कायदा आहेच. तो खडक म्हणजे खेकड्यांची, किड्यांची चाळ असते, तुमच्या बंद टँकात त्यातलं निम्मं मरून सडेल. मालवणात या, मासे खा, दगड राहू दे तिथेच.

चिंचवडच्या_काकू
१०८०! तरीच. पण आधी सॅलिनिटी. वाफ झालेल्या पाण्याच्या जागी आरओचं पाणी भरता ना, तिथे काही दिवस मिठाचं पाणी भरा, हळूहळू १.०२५ वर येईल. मॅग्नेशियमही त्याबरोबर थोडं चढेल. मग पुन्हा मोजा आणि उरलेलं भरून काढा.

हिशेब असा: २०० लिटर हे काचेचं माप, दगड-वाळू वजा जाता पाणी १७० धरा. १०० पीपीएम चढवायला मॅग्नेशियम क्लोराइड हेक्झाहायड्रेट साधारण १४० ग्रॅम लागेल. शुद्ध प्रतीचं घ्या आणि दिवसाला ५० पीपीएमच्या वर जाऊ नका. मॅग्नेशियम जागेवर आलं की मग अल्कॅलिनिटी. १ डीकेएचला खाण्याचा सोडा ५ ग्रॅम, आरओच्या पाण्यात विरघळवून, जिथे प्रवाह जोरात आहे तिथे सावकाश ओतायचा. दिवसाला तेवढाच. बेकिंग पावडर नव्हे हं, तिच्यात स्टार्च असतो.

पंप रात्रभर पातळ व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, थर आपोआप सुटेल. धुऊन मगच लावा.

कोथरूड_रीफ
काकू, खूप आभार. अंधेरीकर, एकाने जांभळ्या कवचाच्या दोन ट्रोकस गोगलगायी देऊ केल्यात. हिरव्या शेवाळासाठी सोबत एक सी अर्चिन (शेवाळ खाणारा काटेरी समुद्री प्राणी) पण घेऊ का?

अंधेरी_सॉल्ट
ट्रोकस डोळे मिटून घे. अर्चिन सध्या नको, तो हिरव्याबरोबर कोरलाइनही खरवडून खातो. पुढे समोरच्या काचेवर थर चढून ब्लेड घासून हात दुखायला लागले की मग आण.