जुन्या सागवानी दारासाठी घाणीवरचे जवसाचे तेल चालेल का?

ओसरी (यवतमाळ जिल्हा)

आमच्या गावच्या घराला सागवानाचे दोन झडपांचे जुने दार असून त्याच्या चौकटीवर थोडे कोरीव काम आहे. त्याला रंग किंवा पॉलिश कधीच दिलेले नाही. मात्र चुलीचा धूर आणि हातांचा मळ बसून ते काळवंडले आहे. रंगाच्या दुकानात मेलामाइनचा थर देण्याचा सल्ला मिळाला. परंतु उन्हाळ्यात फळ्या इतक्या आकसतात की मधल्या फटींतून अंगण दिसते, त्यामुळे तो चकचकीत थर तडकेल अशी शंका वाटते. आमच्याकडे घाणीवरून काढलेले खाण्याचे जवसाचे तेल आहे. ते या दाराला चालेल का, आणि हे काम कोणत्या दिवसांत करावे?

रंधा

चालेल, पण घाई करून चालणार नाही. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू शोषून घेते आणि लाकडाच्या छिद्रांत हळूहळू घट्ट होते, म्हणून ते लाकडाला उपयोगी आहे. शेंगदाण्याचे किंवा खोबऱ्याचे तेल असे वाळत नाही. ते ओलसरच राहते, धूळ धरते आणि पुढे खवट होते. घाणीवरच्या कच्च्या जवस तेलाचा प्रत्येक हात वाळायला कित्येक दिवस लागतात. रंगारी ज्याला बेलतेल म्हणतात, त्या दुकानातल्या डबल बॉइल्ड जवस तेलात लवकर वाळण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात, त्यामुळे ते साधारण एक-दोन दिवसांत हाताला लागेनासे होते. दारासाठी मी तेच घेईन आणि घाणीचे तेल चटणीवर घालून खाईन.

वेळेचे म्हणाल, तर पावसाळ्यात हे काम मुळीच काढू नये. दमट हवेत तेल चिकट राहते आणि त्यावर बुरशीही येते. दिवाळीनंतर होळीपर्यंतचा काळ आपल्याकडे उत्तम. दार पश्चिमाभिमुख असेल, तर त्यावर ऊन असताना तेल लावू नये, कारण तापलेल्या लाकडाच्या छिद्रांतील हवा फुगून मुरलेले तेल थेंबाथेंबाने बाहेर ढकलते.

पटाशी (गोंदिया)

वरील उत्तराशी मी सहमत आहे, मात्र खरी मेहनत तेलाच्या आधीची आहे. धुराचा थर टर्पेन्टाइनमध्ये भिजवलेल्या फडक्याने आधी पुसून काढावा, मग लाकडाच्या रेषांच्या दिशेने १२० नंबरचा आणि त्यानंतर २२० नंबरचा पॉलिश पेपर फिरवावा. कोरीव भागात पेपर न वापरता जुना दातांचा ब्रश वापरावा, नाहीतर नक्षीच्या कडा बोथट होतात. सागवानात मुळातच तेलकट अंश असल्यामुळे वरून लावलेले तेल वाळायला वेळ लागतो, म्हणून पहिल्या हातापूर्वी पृष्ठभाग थिनरने पुसून घेणे चांगले.

पहिल्या हातासाठी तेल आणि टर्पेन्टाइन समप्रमाणात घ्यावे, पुढचे हात नुसत्या तेलाचे, तेही अगदी पातळ. तेल लावल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी जे लाकडात मुरले नाही ते सारे कोरड्या सुती कापडाने पुसून टाकावे. बहुतेक लोक इथेच कंटाळतात, आणि मग सुरकुतलेला, चिकट थर महिनोन् महिने तसाच राहतो. दोन-तीन हात पुरेत.

आता फडक्यांविषयी, कारण हा भाग कोणी सांगत नाही. वाळताना हे तेल उष्णता सोडते. तेलाची फडकी बोळा करून ठेवली, तर ती उष्णता आत कोंडून काडी न लावताही पेट घेऊ शकतात. आपल्याकडे अंगणात पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांचा, ढीग असतो आणि खोलीत कापूस भरलेला असतो, तेव्हा ही फडकी त्यांच्या जवळपासही टाकू नयेत. ती उघड्यावर एकेक पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

ओसरी

दोघांचेही आभार. चौकटीच्या खालच्या भागाला उंबरठ्याजवळ उधई लागली आहे. तेलाने ती थांबेल का? आणि याच तेलातून घरचे पोळपाटही पुसून काढता येईल का?

रंधा

उधईवर तेलाचा उपाय नाही. सागवानाचा आतला गाभा उधईला बऱ्यापैकी दाद देत नाही, पण कडेचे पांढरट कच्चे लाकूड ती खाते. तो भाग आधी तासून पाहावा, पोखरलेला असल्यास सुताराकडून तेवढा तुकडा बदलून घ्यावा आणि जमिनीतून येणाऱ्या उधईचा वेगळा बंदोबस्त करावा. हे झाल्याशिवाय तेलाला हात लावू नये.

पोळपाटाला दुकानातले डबल बॉइल्ड तेल अजिबात लावू नये, त्यातील धातूंचे क्षार अन्नाजवळ नकोत. तिथे मात्र तुमचे घाणीचे तेल योग्य. अगदी थोडे चोळून, उरलेले पुसून पोळपाट हवेशीर जागी उभे ठेवावे, आणि तेलाचा वास जाऊन हाताला चिकटपणा लागेनासा होईपर्यंत त्यावर पोळी लाटू नये. याला काही आठवडे लागतील, तोवर दुसरे पोळपाट वापरावे लागेल.