रात्री ९ ची शर्यत: रेषा, वाऱ्याची सावली आणि वरचा बोया

दादा: रात्री ९ ला व्हर्च्युअल रेगाटा इनशोअर या शिडाच्या बोटींच्या ऑनलाइन गेमवर खासगी शर्यत लावतोय. बोट जे/७०, वर-खाली दोन फेऱ्या; वर म्हणजे वारा येतो तिकडे, खाली म्हणजे जातो तिकडे. शर्यत संपते मोजक्या मिनिटांत, त्यामुळे सुरुवात बिघडली की सावरायला वेळच उरत नाही. म्हणून सुरुवातीच्या रेषेचं आत्ताच बोलून घेऊ.

मामा: आधी रेषा वाऱ्याला तिरकी आहे का ते बघा. रेषेच्या मधोमध बोटीचं नाक थेट वाऱ्यात धरायचं. ज्या टोकाकडे नाक झुकेल ते टोक वाऱ्याला जवळ. रेषा १०० मीटरची आणि १० अंश तिरकी असेल, तर त्या टोकाची बोट दुसऱ्या टोकाच्या बोटीपेक्षा १७ मीटर पुढून निघते. जे/७० ची लांबी ६.९३ मीटर, म्हणजे जवळजवळ अडीच बोटी.

ताई: पण मामा, ते १७ मीटर सगळ्यांनाच दिसतात. सगळे तिथेच घुसतात, एकमेकांचा वारा अडवतात आणि दंड घेतात. पहिल्या मिनिटात १७ च्या दुप्पट जातात. माझं मत, चांगल्या टोकापासून रेषेच्या पाव भाग आत निघावं. फायदा थोडा कमी, पण वारा मोकळा.

मामा: बरोबर आहे गं. आठ-दहाच बोटी असतील तर टोक घ्या, वीस असतील तर ताई म्हणते ते.

छोटू: दादा, सुरुवातीच्या बंदुकीच्या किती सेकंद आधी शीड भरायचं?

दादा: आकडा पाठ करू नकोस, मोजून काढ. ६ नॉट म्हणजे सेकंदाला साधारण ३ मीटर. पण उभी बोट लगेच ६ नॉट धरत नाही. सरावाच्या शर्यतीत एकदा पूर्ण थांब, शीड भर आणि पूर्ण वेग यायला किती सेकंद लागतात ते मोज. तेवढ्या वेळात बोट किती लांब गेली तेही बघ. हे दोन आकडे कागदावर लिहून पडद्याशेजारी चिकटव. रेषेपासून तेवढ्या अंतरावर, तेवढे सेकंद राहिले की सोड. बोट वेगवेगळी, तसे आकडेही वेगवेगळे.

ताई: आणि वाऱ्याआडच्या बाजूला, म्हणजे आपल्या खालच्या अंगाला, दीड-दोन बोटींची मोकळी जागा राखायची. शेवटच्या काही सेकंदांत नाक खाली पाडून वेग घेता येतो तो त्याच जागेत. ती जागा दुसऱ्याने खाल्ली की आपण शर्यतीच्या नियम ११ मध्ये अडकलो. दोघांचा टॅक एकच असेल, म्हणजे वारा दोघांना एकाच बाजूने लागत असेल, तर वाऱ्याकडच्या बोटीने वाऱ्याआडच्या बोटीपासून दूर राहायचं. आपण वरचे, म्हणजे चूक आपली.

छोटू: आणि रेषेच्या टोकाची कमिटी बोट (पंचांची बोट) आणि खालच्या बोटीच्या फटीतून घुसलं तर?

मामा: अजिबात नको. बोयाजवळ (वळायच्या तरंगत्या खुणेजवळ) आतल्याला जागा देण्याचा नियम १८ सुरुवातीच्या खुणांना लागू नाही. खालची बोट तुला दार बंद करू शकते आणि दंड तुझा. गेममध्ये पंच वाद ऐकत नाही, दंड तिथल्या तिथे बसतो आणि बोट मंदावते.

ताई: आता वाऱ्याची सावली, म्हणजे एका बोटीच्या शिडामुळे मागे वारा कमी पडतो ती जागा. नकाशावर वारा वरून खाली दाखवतात, म्हणून सगळ्यांना वाटतं की सावली सरळ खाली पडते. तसं नसतं. खरा वारा १२ नॉट, नाकापासून ४५ अंशांवरून, आणि बोट ६ नॉटने चाललीय असं धरा. बोटीला जाणवणारा वारा होतो सुमारे १७ नॉट, आणि येतो ३० अंशांवरून. सावली या जाणवणाऱ्या वाऱ्याच्या रेषेत पडते, म्हणजे वाटतं त्यापेक्षा बरीच मागे. त्यामुळे अगदी शेजारी खाली असलेली बोट कधी कधी सुटते, आणि मागून येणारी अडकते.

दादा: सावलीत सापडलं की दोनच वाटा. टॅक करून, म्हणजे नाक वाऱ्यातून फिरवून दुसऱ्या बाजूने, बाहेर पडा, किंवा नाक थोडं पाडून खालून वेगाने निघा. तिथेच घुटमळत ‘आत्ता निघेल’ म्हणत राहिलं की एकेक बोट पुढे जाते.

छोटू: पण टॅकला वेग मरतो ना?

दादा: मरतो, म्हणूनच हिशोब हवा. एका टॅकमध्ये दोन बोटींएवढं नुकसान धरलं तर ते १४ मीटर. सावलीत तेवढं काही सेकंदांत जातं. पण वाऱ्यातल्या तीन-चार अंशांच्या बदलाला टॅक केला तर मिळकतीपेक्षा खर्च जास्त. मी पाच अंशांखाली हातच लावत नाही.

मामा: बदल ओळखायची सोपी खूण सांगतो. वाऱ्याच्या दिशेचा आकडा वाचत राहा. स्टारबोर्ड टॅकवर, म्हणजे वारा उजवीकडून असताना, आकडा घटायला लागला की वारा तोंडावर येतोय, म्हणजे हेडर. पोर्ट टॅकवर उलट, आकडा वाढला की हेडर. हेडर मोठा आणि टिकणारा असेल तर टॅक. लिफ्ट, म्हणजे याच्या उलट बदल, मिळत असेल तर गप्प चालत राहा. उत्तरेच्या वाऱ्यात ३५९ नंतर ० येतो, तिथे घाईत फसायला होतं.

ताई: बदल किती महाग पडतो तेही सांग की. दोन बोटी बरोबरीत आहेत आणि आडवं अंतर १०० मीटर. वारा १० अंश फिरला की ज्या बाजूला फिरला तिकडची बोट वाऱ्याच्या दिशेने १७ मीटर पुढे. वाऱ्याला ४५ अंशांवर चालणाऱ्या मागच्या बोटीला ते भरून काढायला सुमारे २५ मीटर कापावे लागतात. म्हणून पुढे असाल तर बाकीच्यांपासून फार लांब एका कोपऱ्यात जाऊ नका.

छोटू: ४५ अंशच का? नाक अजून वर धरलं तर बोया जवळ येईल ना?

मामा: वेग पडतो रे. ४५ अंशांवर ६ नॉट असेल तर वाऱ्याकडे सरकण्याचा वेग ६ गुणिले कोसाइन ४५, म्हणजे ४.२४. ३८ अंशांवर घुसवलं आणि वेग ५ वर आला तर ३.९४. खाली ५२ अंशांवर ६.४ नॉट मिळाला तरी तेच ३.९४. हे आकडे समजण्यापुरते, प्रत्येक बोटीचे स्वतःचे. पण आकार हाच: मध्ये कुठेतरी एक शिखर असतं आणि दोन्हीकडे उतार. वरच्या बाजूचा उतार जास्त वाईट, कारण तिथून वेग परत यायलाच वेळ लागतो.

दादा: वरचा बोया. तो डाव्या हाताला ठेवून वळायचंय. नियम १८ चं बोयाभोवतीचं वर्तुळ तीन बोटींच्या लांबीचं, जे/७० ला सुमारे २१ मीटर. पोर्टवरून येऊन त्या वर्तुळात टॅक करायचा मोह टाळा. स्टारबोर्डवर आधीपासून येणाऱ्याला तुमच्यामुळे नाक वर करावं लागलं तर नियम १८.३ चा दंड तुमच्यावर.

ताई: म्हणजे शेवटचा टॅक वर्तुळाच्या बराच बाहेर. बोया अगदी काटकोनात आल्यावर नको, एक-दीड बोट पुढे जाऊन. पुढच्यांच्या सावलीत आपण खाली घसरतो, आणि तेवढं हातचं नसेल तर बोयाखाली आणखी दोन टॅक करावे लागतात. तिथे दोन टॅक म्हणजे पाच नंबर खाली.

छोटू: खाली येताना सरळ बोयाकडे?

मामा: सरळ १८० अंशांवर, म्हणजे वारा थेट पाठीमागून घेऊन, ५ नॉट मिळत असतील आणि १४५ वर ६.५, तर १४५ वाला खाली सरकतो ५.३ ने. म्हणून नागमोडीच. खाली येताना सावली मागून येते हे विसरू नका. पुढचा नेहमी धोक्यात, मागचा फायद्यात. जाइब (मागच्या वाऱ्यात शीड दुसऱ्या बाजूला घेणं) करताना मागे कोण आहे ते बघा आणि मोकळ्या बाजूला जा.

छोटू: नेट अडखळलं तर? माझं पिंग (नेटचा उशीर) १५० येतं.

दादा: १५० मिलिसेकंदात जे/७० अर्धा मीटरही जात नाही. त्याची काळजी नको. एफ५० ही वेगवान बोट असती, ४० नॉटवर, तर तीन मीटर झाले असते. खरी अडचण पिंग मध्येच उडतं तेव्हा. समोरची बोट एकदम दुसरीकडे उडी मारते, कारण तुझा पडदा तिची जागा अंदाजाने दाखवत असतो. वाय-फायऐवजी केबल लाव, घरात कोणी व्हिडिओ लावला असेल तर थांबव, आणि कोणाच्या मागून जाताना अर्धी बोट जास्त जागा सोड.

ताई: मामा, ऑफशोअरला, म्हणजे लांब पल्ल्याच्या गेममध्ये, तुझी बोट आपोआप चालायला कोणत्या लॉकवर आहे? रात्री वारा फिरणार आहे.

मामा: वाऱ्याच्या कोनावर. दिशा लॉक केली आणि वारा समोर आला तर सकाळी बोट उभी सापडते. कोन लॉक केला तर बोट वाऱ्याबरोबर वळत जाते, वेग टिकतो, पण वळत वळत किनाऱ्यावर चढू शकते. म्हणून जमीन जवळ असेल तर दिशा, मोकळ्या समुद्रात कोन. आणि जीएफएस या हवामान मॉडेलचा अंदाज दिवसातून चारदा धावतो, ००, ०६, १२, १८ यूटीसीला (जागतिक प्रमाणवेळेला). हाती येतो साडेतीन ते पाच तासांनी. मार्ग काढायला क्यूटीव्हीएलएम वापरत असाल तर नवा अंदाज आल्यावरच काढा, आधी काढलेला मार्ग टाकून द्या.

छोटू: खालच्या दारातून, म्हणजे खालच्या दोन बोयांमधून जाताना, डावा बोया की उजवा?

ताई: जो वाऱ्याला जवळ तो. दोन्ही सारखे वाटले तर ज्याच्याकडे कमी बोटी चालल्यात तो. आणि वर्तुळात शिरायच्या आधी ठरव, आत गेल्यावर बदलू नकोस.

दादा: लिंक ८:५० ला टाकतो. ८:५५ पर्यंत सगळे आत या, मी थांबणार नाही.