३८ वा आठवडा : खऱ्या कळा ओळखायच्या कशा?

प्रश्न
माझी ही पहिलीच खेप असून बाळंतपणासाठी मी चिपळूण तालुक्यातील माहेरी आले आहे. परवा रात्री ११ च्या सुमारास पोट दगडासारखे घट्ट होऊ लागले, तेव्हा आईने पिशवी दाराशी आणून ठेवली आणि भावाने शेजारच्या रिक्षावाल्याला झोपेतून उठवले. परंतु २ वाजता सारे आपोआप थांबले व मला चक्क झोप लागली. रुग्णालय तासाभराच्या अंतरावर आहे. आईच्या मते पाणी गेल्याशिवाय निघायचे नाही, तर वहिनी म्हणते की पहिल्या कळेलाच निघावे. कोणाचे ऐकावे?

प्रतिसाद १
मी प्रसूतिकक्षात परिचारिका आहे. तुम्ही वर्णन केलेल्या बहुधा खोट्या कळा होत्या, ज्या शेवटच्या महिन्यात अनेकींना येतात आणि लघवीला जाऊन, पाणी पिऊन, कूस बदलून किंवा थोडे चालून बऱ्याचदा ओसरतात. खरी कळ चालण्याने थांबत नाही. ती पुष्कळदा कंबरेतून सुरू होऊन ओटीपोटाकडे येते आणि ऐन भरात असताना बोलणे मध्येच तुटते. घड्याळ लावताना एका कळेच्या सुरुवातीपासून पुढच्या कळेच्या सुरुवातीपर्यंतचे अंतर मोजावे (बहुतेक जणी मधली विश्रांतीच मोजतात). पहिलटकरणीला साधारणपणे असे सांगतात की दर ५ मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर येत राहिल्या की निघावे. मात्र तुमचा रस्ता पाहता मी तेवढे थांबणार नाही. कळा नियमित होऊन त्यांचा जोर वाढतो आहे असे दिसताच रुग्णालयात फोन करून निघा.

प्रतिसाद २
आईंचे पाण्याविषयीचे म्हणणे मात्र मानू नका, कारण पुष्कळ जणींची पाणमोट कळा चांगल्या वाढल्यावरच फुटते. माझे उलटे झाले : एकही कळ नसताना पहाटे अंथरूण ओले झाले आणि ती लघवीच असावी असे समजून मी दोन तास घालवले. नंतर कोरडे पॅड लावून पाहिले, तर अर्ध्या तासात तेही भिजले आणि त्याला लघवीचा वास नव्हता. पाणी गेल्यावर कळा नसल्या तरी दवाखाना गाठावा, आणि ते हिरवट वा तपकिरी असेल तर क्षणभरही थांबू नये. चिकट, किंचित लालसर स्राव दिसला तर घाबरू नका. त्यानंतर कळा सुरू व्हायला कधी दोन-तीन दिवसही लागतात.

प्रतिसाद १ (पुन्हा)
एक राहिले. ‘कळा जवळ आल्या की बाळ गप्प होते’ असे वडीलधाऱ्या बायका सांगतात, ते खरे नाही. हालचाल मंदावली, पाळीसारखा रक्तस्राव झाला किंवा तीव्र डोकेदुखीबरोबर डोळ्यांपुढे अंधुक दिसू लागले, तर कळांचा हिशेब बाजूला ठेवून तडक निघा. रिक्षा नाही मिळाली तर १०२ किंवा १०८ ला फोन करा.

प्रश्नकर्ती
आभारी आहे. काल रात्री वहिनीने कॅलेंडरच्या मागे वेळा लिहिल्या : २० मिनिटे, मग ९, मग २५. अंगणात चार फेऱ्या मारल्यावर कळा थांबल्या, बाळाचे लाथा मारणे मात्र चालूच होते. रिक्षावाल्याला या वेळी उठवले नाही, परंतु त्याचा नंबर कॅलेंडरवर लिहून ठेवला आहे.