जुन्या तिकिटांवरची इस्लामी धर्मवास्तू: काय ठेवावं, काय वगळावं?

प्रश्न
१९५० पर्यंतच्या तिकिटांवरच्या इस्लामी धर्मवास्तूंचा संग्रह लावतोय. १९४९ च्या पुरातत्त्व मालिकेतला ६ आण्यांचा गोल घुमट, ५ रुपयांचा ताजमहाल, १० रुपयांचा कुतुबमिनार आणि १९३५ च्या (पंचम जॉर्जच्या राजवटीच्या) रौप्यमहोत्सवी मालिकेतला अडीच आण्यांचा ताज एवढं जमलंय. कबरी या विषयात बसतात का? शिवाय ५ रुपयांचं तिकीट लिफाफ्याच्या तुकड्यावर आहे, ते सोडवावं का?

प्रतिसाद १
कबरी वगळू नका, पण मशिदींच्या पानावरही लावू नका. नमाज मक्केकडे तोंड करून, आणि भारतातून मक्का पश्चिमेला, म्हणून ताजच्या पश्चिमेची इमारत तेवढी मशीद. पूर्वेचा हुबेहूब 'जवाब' (जोडीची इमारत) केवळ समतोलासाठी. गोल घुमट ही मुहम्मद आदिलशहाची कबर, तिच्याही पश्चिमेला मशीद आहे. कुतुबमिनार मात्र कुव्वत-उल-इस्लाम मशिदीच्या आवारातलाच, तो बिनधास्त मशिदींत घ्या. हैदराबाद संस्थानची १९३१ ची मालिका मिळवाच: १ आण्यावर चारमिनार, १२ आण्यांवर बीदरचा महमूद गवानचा मदरसा. चारमिनारला लोक नुसती वेस समजतात. वरच्या मजल्यावर पश्चिमेला मशीद आहे.

प्रतिसाद २
आधी शिक्का बघा. गाव आणि तारीख वाचता येत असेल तर तिकीट सोडवू नका; भोवती ५ मिमी कागद ठेवून तुकडा कापा. मोठ्या किमतीची तिकिटं तारेसाठीही (टेलिग्रामसाठी) वापरली जात, त्यामुळे टपालाचा स्वच्छ शिक्का जपण्यासारखा.

सोडवायचंच तर कोमट पाण्यात १५-२० मिनिटं. आपोआप सुटू द्या. ओढलं की कागदाचा पापुद्रा निघतो आणि तिकीट तिथे पातळ होतं. दुसऱ्या पाण्यात मागचा डिंक पूर्ण काढा, नाहीतर ते टीपकागदाला चिकटेल. रंगीत लिफाफ्याचा तुकडा वेगळ्या भांड्यात, त्याचा रंग उतरतो. कोऱ्या, डिंक असलेल्या तिकिटाला पाणी लावूच नका.

सुकल्यावर काळ्या ताटलीत पालथं ठेवून पेट्रोलियम बेंझिनचे दोन थेंब टाका (खिडकी उघडी, जवळ आग नको). जलचिन्हातले (कागदातच उमटवलेल्या वॉटरमार्कमधले) तारे दिसले पाहिजेत. त्यांच्याशी न जुळणारा गडद डाग म्हणजे पातळ झालेली जागा. फोटोग्रॅव्ह्यूर (फोटोवरून कोरलेल्या सिलिंडरने केलेल्या) छपाईच्या तिकिटांवर हा प्रयोग नको, शाई बिघडू शकते.

प्रतिसाद ३
भारताबाहेरची दोन तरी घ्या. एदिर्ने (आजच्या तुर्कस्तानातलं शहर) परत मिळाल्यावर १९१३ मध्ये उस्मानी टपालाने काढलेलं तिकीट, त्यावर उस्मानी वास्तुविशारद सिनानची सेलिमिये मशीद आहे. दुसरं १९२७ चं पॅलेस्टाइनचं, जेरुसलेमच्या कुब्बत अस-सखराचं (डोम ऑफ द रॉकचं). जुन्या अल्बममध्ये त्याखाली 'उमरची मशीद' असं छापलेलं सापडतं, ते उतरवून घेऊ नका. सातव्या शतकाच्या अखेरीस उमय्यद खलिफा अब्द अल-मलिकने पवित्र खडकाभोवती बांधलेली ती वास्तू आहे. अल-अक्सा मशीद त्याच आवारात, दक्षिणेला आहे.